पॉलिहाऊसचा तळ बंद करताना: गाडलेला एप्रन, चिऱ्याचे जोते की काँक्रीटची पट्टी?

पॉलिहाऊस घेताना सांगाड्याच्या पाइपची जाडी, छताचा २०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद, बाजूच्या जाळीची मेश (इंचाला किती भोके) या सगळ्यांची चौकशी होते. जमीन आणि खालचा आडवा पाइप यांच्यामधली फूट-दीड फूट जागा मात्र बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी उरलेल्या कागदावर भागवली जाते. गोव्यात सगळ्यात जास्त त्रास या जागेतून होतो. ती कशाने बंद करायची हे सांगाड्याची ऑर्डर देण्याआधी ठरवलेले बरे, कारण पायाचे पाइप कुठे उभे राहणार हे त्यावर अवलंबून असते.

खालचे आकडे २० गुणिले २५ मीटरच्या, बाजूंना ४० मेशची जाळी आणि गुंडाळता येणारे पडदे असलेल्या पॉलिहाऊसचे आहेत. त्याचा घेर ९० मीटर. भाव जागेनुसार आणि हंगामानुसार फार बदलतात, म्हणून इथे फक्त माप देतो. आपल्या भागातला भाव लावून बघावा.

तळातून नेमके काय आत येते?

फुलकिडे आणि पांढरी माशी तळातून फारशी येत नाहीत. ती जाळीतून, फाटक्या जागेतून आणि दारातून येतात, रोपांबरोबर येतात, माणसाच्या कपड्यांना चिकटूनही येतात. नुसता तळ बंद केल्याने पांढरी माशी थांबेल अशा आशेने कोणी खर्च करू नये. तळातून येतात मुंग्या, गोगलगायी, रातकिडे, पैसा किडे, उंदीर आणि घूस. यांत मुंग्या हलक्यात घेतल्या जातात, पण मावा आणि पिठ्या ढेकूण यांची राखण त्याच करतात. मुंग्यांची ये-जा चालू असेल तोवर पिठ्या ढेकणावरची फवारणी वाया जाते. शंखी गोगलगाय मृगाच्या पहिल्या पावसात बाहेर पडते आणि रातोरात ऑर्किडच्या मुळांची कोवळी टोके, अँथुरियमच्या कळ्या, काकडीची रोपे खाऊन जाते. मोठी गोगलगाय दिसते, उचलता येते. तिची पिल्ले अर्ध्या सेंटीमीटरच्या फटीतून सहज आत शिरतात आणि आतच वाढतात.

आता पाणी. ५०० चौरस मीटर छतावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की ५० हजार लिटर पाणी गोळा होते, आणि १०० मिलिमीटरचा दिवस आपल्याकडे जुलैत नवलाचा नाही. गटर चांगले असेल तर त्यातले बहुतेक लांब नेता येते. उरते ते उताराने वाहत येणारे पाणी, आडव्या पावसाचे पाणी आणि जमिनीवर आपटून उडणारे शिंतोडे. हे पाणी नुसते ओल आणत नाही, बाहेरची माती आत आणते. टोमॅटो, मिरची, वांगी, ढोबळी मिरची लावणाऱ्याला यात खरा धोका आहे, कारण त्या मातीबरोबर जिवाणूजन्य मर येते. गोव्याच्या आम्ल, ओल्या मातीत हा रोग चांगलाच मुरलेला आहे. एकदा आतल्या वाफ्यात शिरला की त्या वाफ्यात टोमॅटोवर्गीय पीक घेणे अवघड होते. शंका आली तर मरगळलेल्या रोपाचे खोड कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरावे. कापलेल्या भागातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरले तर रोग आत आला असे समजावे.

एक गोष्ट तिन्ही पर्यायांना सारखीच लागू आहे. डोंगराच्या पायथ्याच्या किंवा कातळालगतच्या जमिनीत जुलै-ऑगस्टमध्ये पाणी खालून वर येते. चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, थरातून ते झिरपते, खालच्या चिकणमातीवर अडते आणि वाट मिळेल तिथे फुटते. ते कोणताही एप्रन (कडेने जमिनीत गाडलेला कागद) आणि कोणतेही जोते अडवत नाही. त्यासाठी चढाच्या बाजूला, तळापासून मीटरभर अंतर सोडून, ४५ सेंटीमीटर रुंद आणि किमान ६० सेंटीमीटर खोल चर हवा. त्याला मीटरमागे एक सेंटीमीटर उतार आणि खालचे तोंड मोकळे हवे. हा चर आधी काढावा, मग तळाचा विचार करावा.

गाडलेला एप्रन

हा सगळ्यात स्वस्त, सगळ्यात लवकर होणारा आणि पॉलिहाऊस उभारणारे स्वतःहून सुचवतात तो पर्याय. घेराने ३० सेंटीमीटर रुंद, ४५ सेंटीमीटर खोल चर घ्यायचा. वर ६० सेंटीमीटरवर अॅल्युमिनियम प्रोफाइल (खाचेची पट्टी) आणि त्यात बसणारी झिगझॅग स्प्रिंग यांत कागद पकडायचा, खाली चरात सोडायचा, तळाशी १५ सेंटीमीटर बाहेरच्या बाजूला वळवायचा आणि माती थरांनी ठोकून भरायची. पकडण्यासाठी लागणारा भाग धरून पन्हा १.३ मीटर होतो, म्हणजे एकूण ११७ चौरस मीटर कागद. २०० मायक्रॉनचा घेतला तर २२ किलोच्या आसपास, शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा घेतला तर ५५ किलो. फरक परवडत असेल तर शेततळ्याचाच घ्यावा, छताच्या कागदाचे उरलेले तुकडे जोडत बसू नये. जोड द्यावाच लागला तर ३० सेंटीमीटर एकावर एक घ्यावा आणि वरचा पदर उताराच्या दिशेने ठेवावा.

पहिल्या पावसाळ्यात एप्रन उत्तम काम करतो, हे मोकळेपणाने मान्य करतो. पाण्याला अडवण्यात तो जोत्याला हार जात नाही. आत जास्तीचे पाणी झाले तर ते खालून जिरून जाते, ही त्याची आणखी एक चांगली बाजू आणि पुढे जोत्याच्या बाबतीत हीच डोकेदुखी होते. उंदीर आणि घूस मात्र कागद कुरतडतात. त्यावर उपाय म्हणजे चरात कागदाच्या बाहेरून १२ मिलिमीटरची वेल्डेड जाळी उभी करणे. कातळावर हा पर्याय बादच समजावा, तिथे ४५ सेंटीमीटरचा चर ब्रेकरशिवाय निघत नाही.

माझ्यासाठी पारडे फिरले ते यापैकी कशानेही नाही, गवताने फिरले.

जूनपासून चवथीपर्यंत पॉलिहाऊसच्या कडेचे गवत तीन-चारदा तरी कापावे लागते. न कापावे तर तेच गोगलगायींचे घर, तेच मुंग्यांचा पूल, आणि त्यातूनच उंदीर निर्धास्त फिरतो. कापायला ग्रास कटर. त्याच्या तंगुसाला कडेचे गवत आणि कडेचा कागद यांतला फरक कळत नाही. कागद फाटतो तो जमिनीपासून पाच ते दहा सेंटीमीटरच्या पट्ट्यात, जिथे तो ताणलेला असतो, चिखलाने माखलेला असतो आणि चीर दिसत नाही. बोटभर चीर जाळीतल्या भोकापेक्षा कितीतरी मोठी. पावसात टेप धरत नाही, कारण कागद ओला आणि बुळबुळीत. कोरडा होईपर्यंत थांबावे तर ऑक्टोबर उजाडतो. कामगाराला कितीही बजावले, तरी ९० मीटरच्या घेरात वर्षाकाठी तीन-चार वेळा फिरणारा कटर कुठेतरी लागतोच. यात कामगाराचा दोष नाही, कटर चालवायची जागाच तशी आहे.

यावर उपाय आहेत आणि ते सांगायला हवेत. कडेने ६० सेंटीमीटरचा वीड मॅट (तण रोखणारे कापड) अंथरून वर २० मिलिमीटरची खडी टाकली तर गवत लांब राहते. पण लाल माती वाहून येते, खडीच्या फटी भरतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात खडीतूनच गवत उगवते. शिवाय ओल्या खडीखाली गोगलगाय सुखाने दिवस काढते. दुसरा उपाय म्हणजे एप्रनच्या बाहेर पत्र्याची फूटभर पट्टी पुरणे. ती कटर आणि उंदीर दोन्ही अडवते, पण आपल्या आम्ल मातीत आणि खाऱ्या हवेत जमिनीच्या रेषेवर पत्रा गंजून पातळ होतो. तणनाशकाचा मार्ग आहेच, पण जाळीच्या इतक्या जवळ फवारताना वाऱ्याबरोबर थेंब आत जाऊन पीक करपण्याची भीती असते. हातविळ्याने कडा कापणे हा सगळ्यात चांगला उपाय, त्यासाठी मनुष्यबळ असेल तर एप्रनविरुद्धची माझी अर्धी तक्रार संपते.

काँक्रीटची पट्टी

१२ सेंटीमीटर जाड, २० जमिनीखाली आणि ४५ वर अशी ओतीव पट्टी. काँक्रीट सुमारे ७ घनमीटर, सिमेंटच्या ५५ ते ६० गोण्या, आणि दोन्ही बाजूंना मिळून जवळजवळ १२० चौरस मीटर शटरिंग. कीटकांसाठी यासारखा बंदोबस्त नाही: सांधे कमी, पृष्ठभाग सपाट, प्रोफाइल सुतात बसते, स्क्रू घट्ट धरतो.

अडचण तड्यांची आहे. दर ५-६ मीटरवर जाणूनबुजून सांधा सोडावा लागतो, न सोडला तर काँक्रीट स्वतःच आपल्या मर्जीने तडकते, बहुधा पाइपच्या शेजारी. तो सांधा भरायला पॉलियुरेथेनचे सीलंट हवे. साधे सिलिकॉन खडबडीत, दमट काँक्रीटवर टिकत नाही, पट्टीसारखे सुटून येते. भरावाच्या जमिनीवर किंवा खेर शेताच्या (गोव्यातली मधल्या उंचीची, वालुकामय भातशेती) मऊ मातीवर ही पट्टी खचते आणि तडा रुंदावतो. आणि पुढे पॉलिहाऊस हलवायचे झाले तर ती फोडण्यावाचून इलाज नाही. ज्यांची जमीन घट्ट आहे, ज्यांना निर्यातीच्या प्रतीची फुले काढायची आहेत आणि ज्यांच्याकडे शटरिंगचे सामान आहे, त्यांनी हा पर्याय जरूर बघावा.

पोकळ सिमेंटचे ठोकळे कोणी सुचवले तर एवढेच बघावे, की पोकळ्या काँक्रीटने भरल्या जाणार आहेत का. न भरलेल्या पोकळीत मुंग्या पिढ्यानपिढ्या राहतात. शहाबादी लाद्या उभ्या गाडणे दिसायला नीटनेटके असते, पण प्रत्येक सांधा ही फटच.

चिऱ्याचे जोते

माझा कल इकडे आहे. चिरा स्वभावाने सच्छिद्र. त्यात भोके असतात, भोकांत मुंग्या असतात, पाणी तो शोषतो. म्हणजे कागदावर बघितले तर सीलबंद तळासाठी हा सगळ्यात चुकीचा दगड. तरी तो निवडण्याचे कारण असे की त्याचे दोष गिलाव्याने झाकता येतात, त्याच्यावर तंगूस कितीही आपटला तरी काही होत नाही, आणि एखादा चिरा खचला तर तेवढाच काढून बसवता येतो. खचणाऱ्या जमिनीवर जोते सांध्यासांध्यातून थोडे थोडे हलते, काँक्रीटसारखे एका जागी उकलत नाही. गवंडी गावात मिळतो आणि त्याला हे काम नव्याने शिकवावे लागत नाही.

तीन थर: एक जमिनीखाली, दोन वर. साधारण १४ गुणिले ९ गुणिले ७ इंची चिरा आडवा घातला तर एका थराला २४५ च्या आसपास लागतात. तुटफूट धरून ७७० चिरे सांगावेत. नुकताच खाणीतून काढलेला चिरा मऊ असतो, हवेवर राहिला की घट्ट होतो, म्हणून दोन-तीन महिने आधी आणून रचून ठेवावा. पिवळ्या मातीचे मोठे डाग असलेले चिरे बाजूला काढावेत, पाण्यात ते विरघळतात. खाली १:४:८ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटचा १० सेंटीमीटर थर, बांधणीचा मसाला १:६ (सिमेंट, वाळू), गिलावा १:४. कातळ असेल तर खालचा काँक्रीटचा थर लागत नाही. कातळ धुऊन थेट त्यावर घट्ट मसाल्यात पहिला चिरा बसतो. बांधण्याआधी चिरे पाण्याने भिजवावेत, नाहीतर ते मसाल्यातले पाणी ओढून घेतात आणि सांधा भुसभुशीत राहतो.

गिलावा दोन्ही बाजूंनी करावा, आणि बाहेरून जमिनीखाली १५ सेंटीमीटरपर्यंत उतरवावा. हा खालचा भाग बहुतेक गवंडी सोडून देतात. मुंग्या नेमक्या तिथून चिऱ्याच्या भोकात शिरतात आणि आतल्या बाजूने वर येतात. गिलावा करण्यापूर्वी मोठी भोके मसाल्याने दाबून भरावीत.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, म्हणजे वरची टोपी. जाळीचे प्रोफाइल थेट चिऱ्यावर स्क्रूने मारू नये. चिऱ्यात प्लास्टिकची गिट्टी धरत नाही, भोक भुगा होऊन मोठे होते आणि पहिल्या वादळात प्रोफाइल जाळीसकट सुटते. जोत्यावर ७.५ सेंटीमीटर जाडीची काँक्रीटची टोपी १:१.५:३ च्या प्रमाणात ओतावी आणि मध्यावर ८ मिलिमीटरच्या दोन सळया टाकाव्यात. काँक्रीट दीड घनमीटर, सळई ७५ किलोच्या आसपास. टोपीचा माथा बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवावा. सगळे धरून सिमेंटच्या ५० गोण्यांचे काम होते, म्हणजे काँक्रीटच्या पट्टीपेक्षा फार कमी नाही. स्वस्त म्हणून चिरा घ्यावा असे मी म्हणत नाही. फरक शटरिंगमध्ये आणि पुढच्या दुरुस्तीत पडतो.

प्रोफाइल टोपीच्या माथ्यावर न लावता बाहेरच्या उभ्या बाजूला लावावे. मागे ३ मिलिमीटरची रबरी फोमची पट्टी आणि दर ३० सेंटीमीटरवर स्क्रू, म्हणजे घेराला ३०० स्क्रू. समुद्राजवळच्या गावांत स्क्रू स्टेनलेसचे घ्यावेत. जाळी टोपीच्या बाहेरून खाली येऊन प्रोफाइलमध्ये अडकते, आणि पडदा त्याच्याही बाहेरून, टोपीच्या खाली १५ सेंटीमीटर उतरतो. कौले घालताना वरचे कौल खालच्यावर येते, तसाच हा क्रम. जाळी आणि पडदा टोपीच्या आत वळवून बांधले तर पडद्यावरून ओघळणारे सगळे पाणी आतल्या वाफ्यात उतरते. ही चूक फार ठिकाणी होते, कारण आतून बांधणे कामगाराला सोपे जाते.

जोते पाइपच्या बाहेरून, सलग न्यावे. पाइप जोत्यात चिणू नयेत, चिणले की प्रत्येक पाइपभोवती एक फट तयार होते. पाइपच्या बुडाशी काँक्रीटची उतरती मान करावी आणि जमिनीच्या रेषेच्या वर-खाली १५ सेंटीमीटर डांबरी रंगाचे दोन हात द्यावेत. पाइप गंजतो तो याच रेषेवर.

जोत्याचा दोषही ठळक आहे. चारही बाजूंनी जोते म्हणजे आतून हौद. ठिबकचा पाइप सुटला, फॉगर (धुक्यासारखे पाणी फवारणारे नोझल) चालू राहिला, छताला छिद्र पडले, की पाणी आत साठते. म्हणून आतली जमीन बाहेरच्यापेक्षा किमान १५ सेंटीमीटर उंच ठेवावी, आणि खालच्या २५ मीटरच्या बाजूला दर तीन मीटरवर ५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आतल्या जमिनीच्या पातळीवर जोत्यातून काढावा. बाहेरच्या टोकाला खाली तोंड केलेला एल्बो आणि त्यावर ४० मेशची जाळी क्लिपने. आतल्या तोंडाशी घमेलेभर खडी, म्हणजे माती पाइपात जात नाही. या जाळ्यांवर शेवाळ धरते, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी त्या काढून धुवाव्या लागतात. हे काम विसरणाऱ्याने जोत्याच्या वाटेला जाऊ नये, त्याच्यासाठी एप्रन बरा.

एप्रन बरा अशी आणखी उदाहरणे आहेत. जमीन भाडेपट्ट्याची असेल, दोन-तीन हंगामांसाठी बोगदा पद्धतीचे छोटे घर करायचे असेल, किंवा खेर शेतात फक्त पावसाळ्यानंतरची भाजी घ्यायची असेल तर जोत्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. पक्के बांधकाम म्हटले की पंचायतीत आधी विचारून घेणेही आलेच. ज्यांच्याकडे एप्रन आधीच आहे त्यांनी तो काढू नये. बाहेरून दोन थर चिरा लावून गिलावा केला तर कटरपासून कागद वाचतो. वरच्या टोपीचा आणि प्रोफाइलचा खर्च टळतो, पण कागद आणि चिरा यांच्यामध्ये मुंग्यांना जागा राहते. फळभाजीसाठी हे चालते, ऑर्किडसाठी मी करणार नाही.

दार कोणताही पर्याय वाया घालवू शकते. उंबरा १० सेंटीमीटर उंच हवा, हातगाडी न्यायची असेल तर दोन्ही बाजूंनी उतार करावा पण उंबरा काढू नये. दाराच्या तळाला रबरी पट्टी उंबऱ्याला टेकेल अशी लावावी आणि दर उन्हाळ्यात बदलावी, उन्हाने ती कडक होऊन वळते.

काम डिसेंबर ते एप्रिलमध्ये उरकावे. गिलाव्यावर आणि टोपीवर किमान सात दिवस पाणी मारावे लागते, मार्च-एप्रिलच्या उन्हात दिवसातून तीनदा. मे महिन्याच्या शेवटी घाईने केलेला गिलावा मृगात पापुद्रे सोडतो.

सगळे बसवून झाल्यावर तपासणी रात्री करावी. एकाने आत बसून जोरदार टॉर्च तळाच्या कडेने हळूहळू फिरवावा आणि दुसऱ्याने बाहेरून त्याच्याबरोबर चालावे. जिथून प्रकाशाची रेघ बाहेर येते तिथे खडूने खूण करायची. दुसऱ्या दिवशी त्या खुणांवर होजपाइपने जोरात पाणी मारून आत ओल येते का बघायचे. कोपरे, पाइपची बुडे आणि दाराच्या चौकटीची दोन्ही टोके इथेच बहुतेक खुणा सापडतात.